तीस पावलांवरचं बोलणं

परवा बँकेतून घरी येताना तापीकाठी पोंकाच्या गाड्या लागलेल्या दिसल्या आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, "जरा ऊभी राखो ने, भाई." कोवळ्या ज्वारीचे हिरवेगार भाजलेले दाणे, वर लिंबू-मिरीची शेव. पुडी मांडीवर ठेवली, साडीतून तिची ऊब लागली, आणि थंडी आली हे मला तेव्हा कुठे पटलं. सुरतेची थंडी तशी नावापुरतीच. माझ्या माहेरी, नाशकात, एवढ्याशा थंडीला कुणी कपाटातून स्वेटरही काढत नाही. पण इथे ती पोंक आणते, पतंग आणते, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की चलथाणच्या साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस-गोड वासही घेऊन येते. घरी पुडी उघडताच माझे सासरे, आप्पा, त्यांच्या खानदेशी बोलीत दर वर्षीचं वाक्य बोलले, "हाऊ तं आपला हुरडाच शे. नाव फक्त गुजराती."

या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली. दर पोंकाला हे वाक्य ठरलेलं. फक्त चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते जरा वेगळ्या वाटेनं आलं. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले होते, "तिले सांग, हाऊ हुरडाच शे." 'ती' म्हणजे माझी नणंद योगिता. पोंक तिनंच आणला होता आणि ती आप्पांच्या समोर, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर बसली होती. पण बापलेकींचं बोलणं बंद होतं.

झालं होतं असं. योगिता कापड मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब बघायची. एसी ऑफिस, रविवार सुट्टी, दिवाळीला मिठाईचा डबा. आप्पांनी तीस वर्षं सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात लूमच्या खडखडाटात काढली, ती पोरीला असल्या थंडगार खुर्चीत बसलेली बघण्यासाठी, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं. आणि पोरीनं गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, चलथाणजवळ उसाच्या शेताला लागून असलेली मोकळी जागा भाड्यानं घेतली, आणि घरी येऊन जाहीर केलं की ती तिथे पेंटबॉलचं मैदान काढणार. पेंटबॉल म्हणजे काय, हे आप्पांना समजावताना तिनं एक घोडचूक केली. "रंग भरलेल्या गोळ्या असतात, हवेच्या बंदुकीनं एकमेकांना मारायच्या," असं ती सरळ सांगून गेली. आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "शिकेल-सवरेल पोर पिचकारीना धंदा करी? आजपाईन मनं-तुनं बोलनं बंद."

आणि खरंच बंद. एकाच घरात, एकाच टेबलावर, तीन महिने. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं, "मी टपालवाली नही शे. बोलनं व्हई तं तोंडवर बोला." माझे यजमान नितीन अशा वेळी वर्तमानपत्रात शिरतात ते छोट्या जाहिरातींपर्यंत बाहेर येत नाहीत. राहिले मी. बँकेत दिवसभर एका खिडकीचे कागद दुसऱ्या खिडकीला पोचवायचे आणि घरी येऊन तेच काम बिनपगारी करायचं. "वहिनी, त्यांना सांग, मीठ पास करा." "तिले सांग, मीठ कमी खा." मी मध्ये बसून मिठाची बरणी सरकवत असे. हसू यायचं, पण रात्री ताटं उचलताना वाईटही वाटायचं. दोघांचीही जेवणं कमी झाली होती, आणि हे दोघांनाही दिसत होतं.

डिसेंबरात योगितानं बारा बंदुका आणल्या. 'मार्कर म्हण, वहिनी,' असं ती मला सारखं दटावायची. कुठल्याशा बंद पडलेल्या मैदानावरून घेतलेला जुना माल. मार्करला मागे हवेची नळकांडी लागते, तिच्यात हवा भयंकर दाबून भरलेली. ती जशीच्या तशी गोळीमागे सोडली तर खेळ कसला, इस्पितळच. म्हणून मध्ये एक रेग्युलेटर असतो, अंगठ्याएवढा. एक स्प्रिंग, एक दट्ट्या, दोन-तीन रबरी चकत्या. नळकांडीतल्या दांडगट हवेला माणसात आणायचं काम त्याचं. या जुन्या मार्करांचे रेग्युलेटर मात्र झिजले होते. लागोपाठ गोळ्या मारल्या तर सगळं ठीक. पण मार्कर पाच मिनिटं नुसता पडून राहिला की आतली हवा झिरपत झिरपत दाब वाढवत राहायची आणि त्यानंतरची पहिली गोळी अशी सणसणत जायची की बस्स. पहिल्या चाचणीला ती नितीनच्या मांडीवर बसली. वाटीएवढा निळा डाग पडला, आंबेहळदीचा लेप लावावा लागला, आणि या प्रकरणात त्यांनी तोंड उघडलं ते तेवढंच. गप्प पडून राहिलेल्याचा पहिला फटका जोरात लागतो, हे आमच्या घरात वेगळं सांगायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी एका ऑफिसातली चाळीस माणसं पहिल्यांदा खेळायला येणार होती. ती निळी होऊन गेली असती तर मैदान उघडण्याआधीच मिटलं असतं, आणि मग आप्पांचं 'मी सांगेल व्हतं ना' या घरात जन्मभर पुरलं असतं. मला मैदानाची काळजी होतीच, पण खरी धास्ती त्या वाक्याची होती. ते एकदा उच्चारलं गेलं की योगिता पुन्हा बोलायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती त्यांचीच मुलगी.

त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी दुपारी, तिनं एक मार्कर नळकांडी जोडून जेवणाच्या टेबलावर तपासायला घेतला. आप्पा शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्यांचे कान लूमनं केव्हाच खाल्लेत. आमच्याकडे टीव्ही लागला की शेजारच्यांना त्यांचा लावावा लागत नाही. पण त्यांचा हात शेंगेवरच थांबला. मनगट त्यांनी हळूच रेग्युलेटरजवळ नेलं, मग खाली वाकून ओठ जिभेनं ओला केला आणि त्या नळीपाशी धरला. "तिले सांग," ते मला म्हणाले, "हवा निंघी राहिनी."

"वहिनी, त्यांना सांग, मला माहीत आहे."

"माहित शे तं मंग नीट काबर नही करस? इचार तिले."

योगिता मार्कर तिथेच ठेवून आत गेली. आप्पांनी शेंगांची परात बाजूला सारली.

मला तोवर माहीत नव्हतं की आप्पा सचिनला नक्की काय करत. 'लूम फिटर' एवढंच कानावर होतं. त्या आठवड्यात, मी बँकेतून आले की ते मला टेबलाशी बसवून सांगायचे. त्यांच्या लूमला धोटा नव्हता. आडवा धागा हवेच्या फुंकरीनं या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा. फुंकर कमी पडली तर धागा वाटेत लोळायचा, जास्त झाली तर तुटायचा. तीस वर्षं या माणसानं फुंकरी जुळवल्या होत्या. आमच्या अंगावरच्या किती साड्या त्यांच्या फुंकरीनं विणल्या असतील, कोण जाणे. असला माणूस निवृत्त होऊन शेंगा सोलत बसला होता, याची मला तेव्हा लाज वाटली.

तर तो सगळा आठवडा टूथपेस्टचा. आप्पांनी न्हाणीघरातला फुटका आरसा काढला, त्यावर टूथपेस्ट पसरली आणि दट्ट्याचं झिजलेलं टोक त्यावर गोल गोल घासून सपाट करू लागले. घासायचं, पुसायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा घासायचं. बारा टोकं. मंगळवारी आमची पेस्ट संपली, गुरुवारी दुसरी. पितळेच्या पातळ पत्र्यातून त्यांनी नखाएवढ्या चकत्या कापल्या आणि स्प्रिंगखाली घातल्या, कुठे एक, कुठे दोन, प्रत्येकीचा स्वभाव बघून. दर वेळी हात घालण्याआधी नळकांडी सोडवून आतली सगळी हवा मोकळी करायची, हा त्यांचा नेम. "पहिले हवा काढ, मंग हात लाव," ते मला बजावायचे. मी म्हटलं, "आप्पा, हे माणसांनाही लागू आहे." त्यांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. सोयीनुसार बहिरं होता येतं, हा लूमचा एकमेव फायदा.

योगिता सकाळी दुरुस्त झालेले मार्कर मुकाट्यानं उचलून मैदानावर नेई, संध्याकाळी बिघडलेले मुकाट्यानं ठेवी. "त्यांना सांग, सहा नंबर छान झाला." मी सांगायची. आप्पा मान खाली घालून आणखी जोरात घासायचे. शुक्रवारी बारापैकी बारा जुळले. दुपारी, घरात कुणी नसताना, आप्पांनी बाराही शेवटचे एकदा उघडले आणि प्रत्येकात लूमच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडले.

यात त्यांची चूक म्हणावी तर कशी म्हणावी? कारखान्यात कुठलंही यंत्र फिटरच्या हातून सुटतं ते तेलाचा थेंब पडल्यावरच. तेल दिलं नाही तर काम पुरं झालं असं कुणी मानतच नाही. आप्पांच्या लेखी तो नैवेद्य होता. पण या मार्करांच्या रबरी चकत्या मऊ जातीच्या. शनिवारी सकाळपर्यंत त्या तेल पिऊन फुगल्या, दट्टे जागच्या जागी रुतले, आणि बारापैकी एकही मार्कर हलेना. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं.

मी पोळ्या लाटत होते. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, हातात एक फुगलेली चकती. चेहरा असा की मी लाटणं खाली ठेवलं. "तिले सांग," ते म्हणाले, "आप्पाना हात चुकना."

तीन महिने मी मिठापासून मांजापर्यंत सगळे निरोप पोचवले होते. एकही परत केला नव्हता. पण हा माझ्या हातून जाईना. त्या वाक्याला किती श्रम पडले होते, हे मी बघत होते. ते मी नेऊन दिलं असतं तर वाटेत त्याचं अर्धं मोल गेलं असतं. म्हटलं, "आप्पा, हा निरोप मी नाही नेणार. हा तुमचा तुम्ही न्या." सासूबाई कणीक मळता मळता थांबल्या.  सासऱ्यांना मी तोवर कधी 'नाही' म्हटलं नव्हतं.

आप्पा वळले आणि गच्चीचा जिना चढू लागले. वर योगिता डोकं धरून बसली होती. मी मागोमाग गेले, कणकेच्या हातांनी.  आप्पांनी ती चकती तिच्या तळहातावर ठेवली आणि उभे राहिले. तिनं ती बोटात फिरवली, मग नाकाशी नेली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिनं मला नंतर सांगितलं, शाळेत असताना आप्पांचा डबा घेऊन ती कारखान्यात जायची, तेव्हा त्यांच्या शर्टाला तोच वास असायचा. त्या क्षणी मात्र ती ताडकन उठली आणि मोपेड घेऊन निघून गेली. आप्पा गच्चीच्या कठड्याला टेकले. मला वाटलं, संपलं सगळं.

ती तासाभरानं आली. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडून रबराला चालणाऱ्या ग्रीसची ट्यूब आणि पिशवीभर नव्या चकत्या घेऊन. आप्पांच्या समोर मांडी घालून बसली आणि तिनं उजव्या हाताची मूठ हवेत डावीकडे फिरवली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग दोन बोटं गालाला लावून झटकली. तिनं मान हलवून तळहात खाली दाबला.

लूमच्या खडखडाटात तोंडानं बोलणं शक्य नसतं, म्हणून कामगार हातांनी बोलतात, असं मी ऐकून होते. सैल कर, पुसून घे, दाब कमी, धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळ्याला खुणा. डबा घेऊन जाणाऱ्या पोरीनं त्या सगळ्या उचलल्या होत्या आणि वीस वर्षं जपून ठेवल्या होत्या. ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. वर आभाळात पतंग, उन्हात पसरलेल्या जुन्या चादरीवर बारा उघडे मार्कर, आणि मध्ये बापलेक, मुकाट, चार हात भरभर बोलताहेत. मध्येच आप्पांनी नाकाला बोट लावून काहीतरी केलं आणि योगिता खुदकन हसली. मी विचारलं, "काय, काय म्हणाले?" दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तीन महिने माझ्यावाचून ज्यांचं पान हलत नव्हतं, त्यांच्यात मी एकाएकी अडाणी ठरले होते. इतका आनंद मला बढतीच्या पत्रानंही झालेला नाही.

पण हात बोलले तरी बोलणं बंदच होतं. दोघांनीही अबोला मोडला नव्हता, आणि आपण तो आधी मोडला, हे दोघांनाही मान्य झालं नसतं.

उन्हं कलायच्या आत आम्ही सगळे चलथाणला पोचलो. ऊस उभा होता, वारा होता, मळीचा वास होता. मार्कर जुळला की नाही, हे कळायचं एकच तंत्र: हवा भरून पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग पहिली गोळी मारायची. मी म्हटलं, पोत्यावर मारू. आप्पांनी डोकं हलवलं. फुंकर जुळवली की फिटर स्वतःचा गाल आधी पुढे करतो, ही त्यांच्या कामाची रीत. त्यांनी मास्क चढवला, मोजून तीस पावलं चालत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पांढरा शर्ट, दोन्ही हात मागे बांधलेले. सासूबाई पुटपुटल्या, "आते याले काय म्हनानं?"

पाच मिनिटं किती लांब असतात, ते मला तिथे कळलं. योगिताच्या हातात मार्कर, मास्कमागे तिचे डोळे. पाच झाली, सहा झाली. ती मारेना. तिनं हात उंच करून विचारलं, मारू? पण त्यांची पाठ होती, खूण दिसणार कशी? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पोंकाच्या पुडीत तोंड घातलं.

"आप्पा!"

ऊस सळसळला. पाठ हलली नाही.

"आप्पा! मारू का?"

"माले ऐकू नही ई राहिनं! जोरमां बोल!"

"मारू का, आप्पाऽऽ?"

"मार ना व, माय!"

फट्. पाठीवर मधोमध पिवळाधमक ठिपका.  आप्पा सावकाश वळले, मास्क वर केला आणि तीस पावलांवरून ओरडले, "इतलंच? मच्छर चावना मच्छर!" योगिता मार्कर टाकून धावली. पुढचं मला नीट दिसलं नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. एवढं ऐकू आलं की ती हुंदके देत त्यांना तेलावरून रागावत होती आणि ते तिला, मार्कर जमिनीवर असा कुणी टाकतं का, म्हणून रागावत होते.

त्या शर्टाचा डाग आप्पांना ठेवायचा होता. पण हा रंग पाण्यानं निघतो. सासूबाईंनी तो सवयीनं भिजत टाकला, आणि धुऊन स्वच्छ झालेला शर्ट बघून आप्पा दोन दिवस घुम्यासारखे बसले. तेव्हापासून दर वर्षी पोंक आला की मैदानाची पहिली गोळी त्यांच्या पाठीवर. आता तिथे शाळांच्या सहली येतात, ऑफिसं येतात. योगिता गुजरातीत ओरडत असते, "मास्क कोई काढता नहीं हं!" आणि एका कोपऱ्यात टेबल टाकून आप्पा बसतात, समोर फुटका आरसा. टूथपेस्ट आता मैदानाची वेगळी येते.

या वर्षी मात्र डॉक्टरांनी आप्पांच्या पाठीला सक्त विश्रांती सांगितली आहे. म्हणून आज, रविवारी सकाळी, मान माझ्याकडे आला. मास्क लावून, तीस पावलं मोजून, उसाकडे तोंड करून मी उभी आहे. नाही म्हटलं तरी खांदे आक्रसलेत. मळीचा वास येतोय. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली असणार, पण माझ्या मागे काहीतरी चालू आहे.

"आप्पा, याची स्प्रिंग बदलली का?"

"बदली शे."

"कधय?"

"तू झोपेल व्हती तधय."

"खोटं नका बोलू. चकती दाखवा."

"तू माले शिकाडस?"

"तेल तर नाही ना टाकलं?"

"आखो तेच! चार वरीस व्हयनात, आखो तेच!"

आवाज चढत चाललेत. एक जण एक बोलतो, दुसरी त्याच्यावर दोन चढवते, आणि यातला एकही शब्द मला कुठे पोचवायचा नाही. मी हलत नाही, हूं की चूं करत नाही. माझ्या पाठीवर गोळी मारायची आहे, हे ते दोघं साफ विसरले आहेत, आणि मी काही त्यांना आठवण करून देणार नाही.